वीतभर राहिलेली कौदी

येलहंक्याच्या एका वस्त्रसंग्रहालयात, दुसऱ्या दालनाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, काचेमागे एक कौदी टांगलेली होती. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तीच ही. बंगळूरची जुनी मराठी घरे तिला कानडी नावाने ओळखतात. खाली पाटी होती, आणि पाटीवरचा मजकूर असा: ‘कौदी. सुती कापड, हातशिवण. शारदाबाई मुकुंदराव, मल्लेश्वरम. अकरा वर्षांच्या अखंड परिश्रमांनंतर, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, रुग्णशय्येवर असतानाही त्यांनी ही स्वहस्ते पूर्ण केली.’

हा मजकूर डॉ. अलका देवस्थळी यांनी लिहिला होता, आणि तो मोडीत काढण्याची लायकी असलेले माणूसही बंगळुरात तेच एक होते.

सुती? कौदीत सात ठिगळे टेरिलिनची आहेत. त्यांतली तीन शारदाबाईंच्या नातीच्या, मेघाश्रीच्या, शाळेच्या गणवेशाची. अकरा वर्षे? पहिली दोन वर्षे कापड ट्रंकेत पडून होते, आणि कापड ट्रंकेत पडून राहण्याला परिश्रम म्हणण्याची प्रथा फक्त अनुदानाच्या अर्जांत आढळते. अखंड? नवरा गेला त्या वर्षी शारदाबाईंनी सुईला हात लावला नाही. मोतीबिंदूच्या दोन शस्त्रक्रियांनी आणखी दहा महिने नेले. एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंधात असा मजकूर लिहिला असता तर अलकाने समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला असता: ‘आधार?’ रुग्णशय्या मात्र खरी होती. राहता राहिले शेवटचे तीन शब्द. उद्घाटनाला महिना होत आला होता. तेवढ्यात अलका चार वेळा संग्रहालयात जाऊन आली, आणि चारही वेळा तिने पाटीतला एकेक शब्द असा सोलून काढला. ‘स्वहस्ते पूर्ण केली’ इथे आली की ती चष्मा पुसायला घेई.

अलका बंगळुरात आली ती लग्नानंतर, उमाकांतच्या नोकरीमुळे. तो एका सरकारी संशोधन संस्थेत धातूंना भेगा का पडतात हे शोधत निवृत्त झाला. तिने महाविद्यालयात वस्त्रांचा इतिहास शिकवला, दोन पुस्तके लिहिली, आणि टाक्याची लांबी पाहून बाईचे गाव सांगणारी विदुषी असा लौकिक मिळवला. शर्टाच्या बटणापलीकडे तिने स्वतः काही शिवलेले नव्हते. माशांवर संशोधन करणाऱ्याला पोहता आलेच पाहिजे असे नाही, असे ती वर्गात म्हणे, आणि मुली हसत. मुली गुणांसाठी हसतात हे तिला माहीत होते. तरी ते वाक्य तिने तीस वर्षे सोडले नाही.

संपिगे रस्त्यावर शारदाबाईंच्या मुलाचे, मोहनकुमारचे, मॅचिंग सेंटर आहे: ब्लाऊजपीस, अस्तर, साडीचा फॉल. नऊ वर्षांपूर्वी अलका तिथे अस्तर घ्यायला गेली, तेव्हा गल्ल्यामागच्या चटईवर एक म्हातारी मांडीवर कापडांचा ढीग घेऊन बसली होती. अलका अस्तर विसरली.

“काय बघतीस?” म्हातारीने मान वर न करता विचारले.

“टाका बघते, अक्का.”

“टाका काय बघायचा? घालायचा असतोय तो. शिवायला येतंय?”

“नाही. मी प्रोफेसर आहे. ह्या विषयावर लिहिते.”

“अय्यो!” शारदाबाईंनी आता मान वर केली आणि दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “म्हणजे जेवणावर लिहितीस आणि स्वतः उपाशी बसतीस. ये, बस की. स्वल्प सरक गं रूपश्री, प्रोफेसरबाईला जागा दे.” सून रूपश्री हसत सरकली.

त्या दिवसापासून मंगळवार आणि शुक्रवारची दुपार शारदाबाईंची झाली. अलका आधी वही घेऊन बसे. दुसऱ्या वर्षी शारदाबाईंनी वही काढून घेतली आणि हातात सुई दिली. तिचे पहिले सहा महिने उसवण्यात गेले. “हे काय, रेल्वेचा रूळ आहे? स्लीपर मोजत गेलीस की काय?” असे म्हणून शारदाबाई तिचा टाका दातांनी तोडत. चौथ्या वर्षी तोडणे थांबले. सातव्या वर्षी एकदा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून ओळ निरखली आणि विचारले, “हे तू घातलंस का मी?” अलकाला दोन विद्यापीठांचे पुरस्कार मिळालेले होते. त्यांतला एकही तिने घरी येऊन उमाकांतला दोनदा सांगितला नव्हता, हे सांगितले.

कौदी कडेने सुरू होते. पहिली ओळ किनारीला लागून चारी बाजूंनी फिरते, दुसरी तिच्या आत बोटभर अंतरावर, तिसरी तिच्या आत, आणि अशी चौकोनामागून चौकोन आकसत ती मध्याकडे येते. सरतेशेवटी मधोमध वीतभर जागा उरते. त्या जागेसाठी शारदाबाईंच्या घरात दोन रिवाज होते. कडा कुणीही शिवावी, शेजारीण, पाहुणी, लेकीसुना, कुणीही. मधली वीत मात्र जिने कौदी धरली तिनेच शिवायची. आणि ती बंद करण्याआधी आत चपातीचा चतकोर घालायचा. “लोकांच्या अंगावर जन्मभर पडून राहणार ती,” शारदाबाई सांगत, “तिला उपाशी कशी पाठवू?” अलकाच्या येऊ घातलेल्या तिसऱ्या पुस्तकात ह्या दोन रिवाजांवर बारा पाने होती, तळटीपांसकट.

शारदाबाईंच्या हातून चौदा कौद्या झाल्या होत्या, ही पंधरावी. शेवटचा टाका घातल्यावर कसे वाटते, असे अलकाने अनेकदा विचारले. इतर कुठल्याही प्रश्नाला पाल्हाळ लावणारी ती बाई इथे गप्प होई. “ते सांगायचं नसतंय. तुझी तू एक कर, कळेल.” एकदाच, श्रावणातल्या एका शुक्रवारी, त्यांनी आपण होऊन म्हटले, “ही माझी शेवटची. ही झाली की हाताला सांगणार, बाबा, आता बस.”

अलकाने स्वतःची कौदी कधी धरली नाही. पुस्तक होते, व्याख्याने होती, उमाकांतचा बायपास होता. दुसऱ्याच्या कौदीच्या कडा ती शिवत राहिली, आणि मधली वीत जवळ येताना पाहत राहिली.

नोव्हेंबरात शारदाबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, त्या घरी आल्या त्या पलंगावर. हात धड होता. स्मृती मात्र ये-जा करू लागली. सकाळचा डोसा दुपारी आठवेना, आणि साठ वर्षांपूर्वीच्या शेजारणीचे भांडण शब्दाला शब्द आठवे. कौदी पलंगाशेजारच्या खुर्चीवर घडी करून ठेवली होती. मधली वीत तेवढी राहिली होती. येलहंक्याच्या संग्रहालयाचे प्रमुख महांतेश ह्यांनी अलकाच्या शिफारशीवरून ती कौदी आधीच मागून ठेवली होती, आणि प्रदर्शन संक्रांतीला उघडणार होते.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारची दुपार अलकाला जशी आठवे ती अशी. मोहनकुमार आणि रूपश्री दुकानात. दिवसपाळीची नर्स जेवायला गेलेली. खिडकीतून ऊन थेट खुर्चीवर. शारदाबाई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. अलका घडी उलगडते, नुसते बघावे म्हणून. सुई टोचलेलीच असते. दोरा ओवलेलाच असतो. एक ओळ, फक्त अक्कांना पुढे सोपे जावे म्हणून. ही हकीकत गेल्या दोन महिन्यांत एकदाही बदललेली नव्हती. अलकाने आयुष्यभर म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी टिपून घेतल्या होत्या; खरी आठवण प्रत्येक वेळी जरा वेगळी येते आणि पाठ केलेली तेवढी स्वल्पविरामासकट सारखी येते, हे तिने दुसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलेले होते.

पण त्यानंतरचे जे होते ते पाठ केलेले नव्हते. ते येई तेव्हा अख्खे येई. शेवटचा चौकोन बोटाएवढा झाला, मग नखाएवढा. सुई खाली गेली, वर आली, आणि आणखी जायला जागाच उरली नाही. तिने दोरा मागे फिरवून दोन टाके घेतले, तोडला, आणि कौदी झटकून गुडघ्यांवर पसरली. इतका वेळ ज्या नुसत्या चिंध्या होत्या, कुणाचे धोतर, कुणाचे इरकल, कुणाच्या गणवेशाची कड, त्या एकाएकी एक वस्तू झाल्या. उन्हात प्रत्येक ओळीची बारीक सावली पडली होती आणि साऱ्या सावल्या आत, तिच्या तळहाताखाली येऊन थांबत होत्या. तिने हात तिथेच ठेवला. छातीत काहीतरी सैल झाले, लहानपणी ताप उतरताना व्हायचे तसे. साठी उलटलेली, प्रत्येक वाक्याला आधार मागणारी ती बाई एकटीच मोठ्याने हसली. इतके पुरे तिला पूर्वी कधी वाटले नव्हते. लग्नात नाही, पदवीदानात नाही, छापून आलेले पुस्तक हातात घेतल्यावर तर नाहीच.

चपातीचा चतकोर घालायचा राहिला हे तिच्या ध्यानातही आले नाही.

संध्याकाळी मोहनकुमार आला तेव्हा तिने सांगितले, “अक्कांनी संपवली. उशीला टेकून, अर्ध्या तासात.” त्याचे डोळे भरून आले. “मॅडम, तुम्ही होता म्हणून झालं,” असे तो म्हणाला, आणि ह्या वाक्यातले जे खरे होते ते त्याला कळायचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी शारदाबाईंच्या बोटांत सुई देऊन फोटो काढला. दानपत्रावर मोहनकुमारने आईच्या वतीने सही केली. चार दिवसांत अलकाने पुस्तकाचा शेवटचा परिच्छेद लिहिला, त्यात शारदाबाईंना शेवटच्या टाक्यानंतर काय वाटले त्याचे वर्णन केले. प्रकाशकाने फोन करून सांगितले की पुस्तकातली एवढी पंधरा वाक्ये जिवंत आहेत.

हे सगळे निभावले असते. निभावले नाही ते शारदाबाईंचे विचारणे.

“अलका, कौदी झाली का गं?”

“झाली की अक्का. तुम्हीच संपवली.”

“मी?” शारदाबाईंनी उजवा हात चादरीबाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला. “मला आठवत नाही बघ. कधी?”

“मंगळवारी.”

“हसले का मी?”

“हसलात.”

“मोठ्यानं?” आणि मग हात खाली न घेता, एखादे मूल गोष्ट मागते तशा आवाजात, “कसं वाटलं गं मला? सांग की.”

अलकाने सांगितले. उन्हातल्या सावल्या सांगितल्या, तळहात सांगितला, ताप उतरल्यासारखे झाले ते सांगितले. स्वतःच्या खिशातले नाणे काढून दाखवावे तसे एकेक काढून तिने त्या म्हातारीच्या नावावर लावले. शारदाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “सरी, बरं. छान वाटलं असणार.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. उपकारकर्त्याचा चेहरा करून अलका रोज सांगत गेली. पाचव्या दिवशी तिने सर्दीचे निमित्त केले, आणि मग तिचे मंगळवार-शुक्रवार हळूहळू येलहंक्याच्या वाटेला लागले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मेघाश्री अलकाच्या दारात उभी राहिली. ती कोरमंगल्यात एका स्टार्टअपमध्ये नोकरी करी, तिथेच पीजीत राही आणि रविवारी स्कूटरवरून घरी येई. हेल्मेट तिने काखेतच ठेवले होते.

“काकू, तुम्ही आमच्याकडे येणं बंद का केलं?”

“अगं, जरा प्रुफं तपासण्यात…”

“अज्जीचा हात थांबत नाहीये.”

“म्हणजे?”

मेघाश्रीने उजवा हात पुढे केला आणि हवेत दाखवले: चिमूट खाली, चिमूट वर, ओढ, खाली, वर, ओढ. “दिवसभर. चादरीवर. डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतं असं. मी अज्जीलाच विचारलं. म्हणाली, सगळे सांगतायत कौदी संपली, अलकानं तर सगळं रसभरीत सांगितलं. पण संपली असती तर हाताला कळलं नसतं का?” ती आत येऊन खुर्चीवर बसली. “आणि रोज विचारते, पोटात काय घातलं. म्हणून मी काल येलहंक्याला गेले. महांतेश सरांना विनवलं, त्यांनी मला हातमोजे घालून मधोमध दाबू दिलं. आत काही नाहीये, काकू. आमची कौदी उपाशी आहे.”

“संग्रहालयात अन्नपदार्थ चालत नाहीत मेघा. किडे लागतात. तसा लेखी नियम आहे.”

“तो नियम त्यांनी तुम्हाला कळवला डिसेंबरच्या अठरा तारखेला. मेलमध्ये मलाही टाकलं होतं. कौदी त्याच्या आधीच बंद झाली होती.” तिने हेल्मेट खाली ठेवले. “अज्जीनं बंद केली असती तर ती स्वतःचं नाव विसरली असती, पण चतकोर विसरली नसती. कुणी शिवली?”

अलकाने आयुष्यभर मौखिक परीक्षा घेतल्या होत्या. देण्याची सवय मोडून चाळीस वर्षे झाली होती. “मी,” ती म्हणाली, आणि लगेच पुढची वाक्ये रांगेने तयार उभी राहिली. “तुझी आजी झोपली होती. प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती. डॉक्टरांनी श्रम नकोत म्हणून सांगितलं होतं. तिचं काम अर्धवट राहू नये…”

“श्रम नकोत हे चालण्याबद्दल होतं. हाताबद्दल नव्हतं. तारीख पुढे गेली असती. महांतेश सर म्हणाले, अर्धवट कौदी सुईसकट टांगायला त्यांना उलट आवडलं असतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी खरं सांगू शकला असता. तिनं उसवायला लावलं असतं आणि पुन्हा घातलं असतं. चार शिव्या दिल्या असत्या. रेल्वेचा रूळ म्हणाली असती. तेवढंच ना?”

अलकाने टेबलावरची प्रुफे उगाच सरळ केली.

“तिच्याकडे फार दिवस नाहीत,” मेघाश्री उठली. “हार्टचं कालच सांगितलं डॉक्टरांनी. आठवडे म्हणतायत. मला ती कौदी घरी हवी आहे. मधलं उसवून तिच्या हातात सुई द्यायची आहे. उद्या अकरा वाजता महांतेश सरांनी बोलावलंय. तुम्ही या.”

महांतेश सभ्य गृहस्थ होते आणि सभ्य गृहस्थांप्रमाणे कागदपत्रांवर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी दोघींना कॉफी मागवली, आजी झोपेत असताना मधली वीत आपण शिवली ही अलकाची हकीकत ऐकून घेतली, दानपत्र टेबलावर पसरले आणि खेदाने समजावले. नोंद झालेली वस्तू संग्रहालयाबाहेर जात नाही. कलाकाराला कुणी हातभार लावला असेल तर पाटी सुधारता येते. नव्याने लिहू, ‘साहाय्य: डॉ. अलका देवस्थळी’, त्यात कमीपणा काहीच नाही. कलाकार झोपेत असताना, आजारपणात, काम जवळच्या व्यक्तीने पुरे केले असेल तर त्याला पूर्तता म्हणतात. संग्रहातल्या निम्म्या वस्तू तशाच आहेत. पाटी सुधारू, वस्तू राहील.

“मग परत कधी मिळते?” मेघाश्रीने विचारले.

“दान रद्द ठरलं तर,” ते म्हणाले. “इथे कलम आहे, काम कलाकाराच्या इच्छेने पूर्ण झाले आहे. कलाकाराची इच्छा वेगळी होती, ती तिने बोलून दाखवली होती आणि तरी काम तिच्या हातून काढून घेतलं गेलं, असं तिथे हजर असलेल्या माणसाने लिहून दिलं, तर हे दानपत्र मी स्वतः फाडीन. पण,” त्यांनी अलकाकडे आदराने पाहिले, “इथे तसं काही नाही. आजी झोपल्या होत्या.”

“हजर कोण होतं?” मेघाश्रीने विचारले, उत्तर माहीत असूनही.

कॉफीवर साय धरली होती. अलकाच्या समोर ह्या प्रकरणातला एकमेव ग्राह्य साक्षीदार बसला होता असे म्हणता आले नसते, कारण तो तिच्याच खुर्चीत होता. दुसरी साक्षीदार मल्लेश्वरमला पलंगावर पडून हवेत टाके घालत होती आणि तिची साक्ष कुणी धरली नसती. ‘झोपल्या होत्या’ हे वाक्य सुरक्षित होते. ते उलथवू शकेल असे एकही कागदपत्र, एकही छायाचित्र, एकही जिवंत माणूस जगात नव्हते. पुस्तक एप्रिलात येणार होते, शेवटच्या परिच्छेदासकट.

“मला कागद द्या,” ती म्हणाली.

पहिला मसुदा तिने पंधरा मिनिटांत लिहिला. तो उत्तम होता. ‘प्रस्तुत कलाकृतीच्या अंतिम टप्प्यात काही अंशी झालेला हस्तक्षेप’ अशी त्याची सुरुवात होती, त्यात कर्ता कुठेच नव्हता, क्रियापदे आपोआप घडत होती, आणि तिसऱ्या वाक्यात सामूहिक निर्मितीच्या परंपरेचा उल्लेख होता. मेघाश्रीने तो वाचला आणि टेबलावर ठेवला.

“काकू, ह्यानं कौदी घरी येईल?”

“नाही,” अलका म्हणाली. त्या मसुद्याने काय होईल हे तिच्याइतके कुणाला कळत होते? पाटी सुधारली जाईल. तिचे नाव काचेमागे जाईल.

तिने दुसरा कागद ओढला. खिडकीबाहेर हवाई दलाचे एक विमान गेले आणि काचा थरथरल्या. मग ती लिहू लागली. ह्या वेळी एकदाही न खोडता, ज्या वाक्यांना आधार लागत नाही अशा वाक्यांत. महांतेशांनी कागद घेतला, वाचला, उठून दार लावून घेतले आणि पुन्हा वाचला. मग कौदीच्या काचेच्या कपाटाची किल्ली काढून मेघाश्रीसमोर ठेवली. तो कागद आता दानपत्राच्या दोन तुकड्यांसह संग्रहालयाच्या दप्तरात आहे. त्यातला मजकूर असा:

‘मी, अलका उमाकांत देवस्थळी, लिहून देते की कौदी ताबडतोब शारदाबाईंना परत द्यावी. मधला भाग मी शिवला आहे. तो उसवण्याचे काम मला देऊ नये. मी ते नीट करीन याची मला खात्री नाही. त्या दुपारी शारदाबाई झोपल्या नव्हत्या. मी शिवायला बसले तेव्हा त्यांनी कूस वळवली आणि हात पुढे करून म्हणाल्या, “आण इकडे, आता माझं आहे ते.” त्यांचा हात कापत नव्हता. त्यांना सगळे कळत होते. मी म्हणाले, “तुम्ही दमलात अक्का, उद्या करा.” त्या दमल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा मागितली. मी ऐकू न आल्यासारखे केले. प्रदर्शन, डॉक्टर, पुस्तक, ह्यांतले काहीही त्या वेळी माझ्या मनात नव्हते. ते सगळे मी नंतर गोळा केले. मला शेवटचा टाका हवा होता. तो घातल्यावर मला जो आनंद झाला तो अजून तसाच आहे, आणि मला तो नकोसा झाला आहे असे मी इथे लिहिले तर तेही खोटे होईल. पुढे मी त्यांना सांगितले की तो आनंद त्यांना झाला होता. त्यांनी तिसऱ्यांदा मागितली नाही. त्या जाग्या होत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या, आणि मी शिवत राहिले.’